पाणी थांबवणारी माती

सुमारे १७,००० वर्षांपूर्वी

वारा ईशान्येकडून येतोय आणि तो सरळ बर्फावरून येतोय. तुम्ही वाळू-गोट्यांच्या एका लांबलचक उंचवट्यावर उभे आहात. मागे दक्षिणेला नुकतीच बर्फाखालून मोकळी झालेली उघडीबोडकी जमीन आहे आणि पुढे नजर जाईल तिथवर पाणी. या पाण्याला निळाई नाही, त्याचा रंग पातळ ताकाचा. पलीकडे, जिथं आभाळ टेकायला हवं तिथं, बर्फाची करडी भिंत उभी आहे. लॉरेंटाइड हिमस्तराचं हे दक्षिणेकडचं टोक. या हिमस्तराखाली अजून कॅनडाचा बहुतेक भाग झाकलेला आहे.

तुमच्या पायाखाली पुढे अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं फिंडले हे गाव वसेल. समोरच्या पाण्याला भूशास्त्रज्ञ 'लेक मॉमी' म्हणतील. इथल्या जमिनीचा उतार ईशान्येकडे, आजच्या लेक ईरीच्या दिशेनं आहे. पण तिकडची वाट बर्फानं अडवली आहे. वितळलेलं पाणी जाणार कुठं? ते तुंबत गेलं आणि आजच्या लेक ईरीपेक्षा सुमारे ७० मीटर वर चढलं. शेवटी नैर्ऋत्येला, जिथं आता इंडियाना राज्यातलं फोर्ट वेन आहे, तिथून ते बाहेर पडलं. वाबॅश नदी, मग ओहायो, मग मिसिसिपी, मग मेक्सिकोचं आखात. आज अटलांटिककडे जाणारं पाणी तेव्हा अशा उलट्या वाटेनं समुद्राला मिळत होतं.

वाकून ओंजळभर पाणी घ्या. हाताला सणक बसते. बोटांमधून पाणी निघून जातं आणि तळहातावर एक करडा, मऊ लेप उरतो. हा दगडाचा पीठ झालेला अंश. हिमनदी ईरीच्या खोऱ्यातून वर सरकताना तिनं वाटेतले मऊ पंकाश्म, चुनखडक आणि जुन्या सरोवरांचा गाळ दळून काढला. त्यातला सर्वांत बारीक कण मिलिमीटरच्या दोन-हजारांशाहूनही लहान. इतक्या थंड पाण्यात असा मोठ्यातला मोठा चिकणकण दिवसभरात जेमतेम वीतभर खाली उतरतो. त्याहून बारीक कणांना महिने लागतात. खवळलेल्या पाण्यात ते बसतच नाहीत. हिवाळ्यात वरचं पाणी गोठून लाटा थांबल्या की मगच ते तळाशी टेकतात.

तळाशी काय चाललंय ते वरून दिसत नाही, पण पुढचा सगळा इतिहास तिथंच ठरतोय. कुठं शांत, खोल पाण्यात निव्वळ चिकणमातीचा थर साचतोय. कुठं उथळ भागात लाटा हिमनदीनं टाकलेल्या चिकण राबिटाचे उंचवटे घासून सपाट करताहेत. दोन्हीकडे परिणाम एकच: उतार नसलेली, बारीक कणांची, पाणी आत न घेणारी जमीन.

पुढची हजारो वर्षं

आता जरा वेगानं चला. बर्फ मागे हटतो तशा पाण्याला नव्या, खालच्या वाटा सापडतात. पातळी टप्प्याटप्प्यानं उतरते, मध्ये एखादवेळी पुन्हा चढतेही. प्रत्येक मुक्कामावर लाटा वाळूची एक कड रचून ठेवतात. शेवटी नायगाराकडची वाट मोकळी होते आणि सरोवर ओसरून ईरीच्या खोऱ्यापुरतं उरतं. मागे राहतो तो त्याचा तळ.

त्या वाळूच्या कडा लक्षात ठेवा. या सगळ्या प्रदेशात पाय कोरडे ठेवून चालता येईल अशी जागा तेवढीच. आधी हरणं, मग मूळ रहिवासी, मग गोरे वसाहतकार आणि शेवटी डांबरी रस्ते, सगळे त्याच कडांवरून जातील. व्हॅन वर्ट आणि फिंडले अशाच कडेवर वसतील.

उघड्या तळावर पहिल्यांदा स्प्रूसची झाडं येतात. हवा उबदार होत जाते तसे पाइन येतात, मग ओक, एल्म, ॲश, मेपल. कित्येक हजार वर्षं पानं पडतात, कुजतात, मुळं खाली घुसतात, पाऊस चुना विरघळवून खाली नेतो. सरोवराचा गाळ हळूहळू जंगलाची माती होतो.

एप्रिल १७००

थांबा. इथं घाई करू नका, कारण ही माती हातात घेऊन पाहण्यासारखी आहे.

तुम्ही जंगलात उभे आहात आणि घोट्यापर्यंत पाण्यात आहात. बर्फ वितळून तीन आठवडे झाले, वरून पाऊस झाला, पण पाणी जागचं हललेलं नाही. किलोमीटरभर चाललात तरी जमीन मीटरभरही उतरत नाही, मग पाण्यानं जायचं कुणीकडे? चहूबाजूंना एल्म आणि काळ्या ॲशचे सरळ बुंधे पाण्यातून वर गेले आहेत. जरा उंचावर बासवुड आणि हिकोरी. ही उंची टेकडीची नव्हे. जमीन हातभर वर आली की झाडं बदलतात. अधूनमधून वादळानं मुळासकट उपटलेलं एखादं झाड आडवं दिसतं. त्याच्या मुळांकडे बघा: ती खोल गेलेलीच नाहीत, थाळीच्या आकारात आडवी पसरलेली आहेत. खाली श्वास घ्यायला हवा नाही, म्हणून मुळं वरच राहतात, आणि वरच राहतात म्हणून झाड वाऱ्यात पडतं. पडलेल्या झाडाच्या जागी खड्डा होतो, मुळांबरोबर उचललेल्या मातीचा ढीग होतो. शेकडो वर्षांच्या अशा पडझडीनं जंगलाची सगळी जमीन खड्डे आणि उंचवट्यांची झाली आहे. प्रत्येक खड्ड्यात पाणी, आणि त्या पाण्यात बेडकांची आणि सॅलॅमँडरची अंडी.

एका उंचवट्यावर चढा आणि कुदळ मारा. वरचा वीतभर थर काळसर, पानांच्या खतानं भरलेला. वास ओल्या पालापाचोळ्याचा. त्याखाली रंग एकदम बदलतो. करडी माती, आणि तिच्यात तांबूस-पिवळे ठिपके विखुरलेले. हा करडा रंग पाण्यानं दिलेला आहे. मातीच्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की त्यातला ऑक्सिजन थोड्याच दिवसांत संपतो. मग जिवाणू ऑक्सिजनऐवजी लोहाच्या गंजावर भागवतात. गंज विरघळतो, पाण्याबरोबर सरकतो आणि मातीचा मूळचा फिका रंग उघडा पडतो. ऑगस्टमध्ये पाणी खाली उतरलं की जुन्या मुळांच्या वाटेनं हवा आत शिरते आणि तेवढ्या जागी लोह पुन्हा गंजतं. एका ढेकळात तुम्हाला वर्षातले ओले आणि कोरडे महिने शेजारी शेजारी दिसतात.

ते ढेकूळ फोडा. ते चौकोनी, कोनेदार तुकड्यांत फुटतं आणि तुकड्यांच्या बाजूंवर एक चमकदार पापुद्रा दिसतो. वरच्या थरातली बारीक चिकणमाती पावसाच्या पाण्याबरोबर खाली येऊन इथं चोपडली गेली आहे. जंगलाखालच्या जमिनीत हे घडतं आणि त्यामुळे आधीच चिकण असलेला खालचा थर आणखी चिकण होतो. आता थोडी माती ओली करून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी काढा. पट्टी पाच सेंटिमीटरच्या पुढे जाते तरी तुटत नाही. हिच्यात शंभरातले चाळीस भाग किंवा त्याहून जास्त निव्वळ चिकणकण आहेत. मृदाशास्त्रज्ञ पुढे हिच्या प्रकारांना इथल्याच गावांची नावं देतील: हॉइटव्हिल, पॉल्डिंग, टोलेडो.

विदर्भ-मराठवाड्याची काळी रेगूर जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना वाटेल, ही तीच. तसं नाही. आपली काळी जमीन बेसॉल्ट जागच्या जागी झिजून झाली. तिच्यात स्मेक्टाइट हे खनिज आहे. ते उन्हाळ्यात आकसतं, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्या भेगांतून खोल जातो. ओहायोच्या या मातीत मुख्यतः इलाइट आहे, दळलेल्या पंकाश्मातून आलेलं. ते तेवढं फुगत नाही, तेवढं आकसतही नाही. जंगलाच्या सावलीत ही जमीन पुरती वाळत नाही आणि पुरती उघडतही नाही. म्हणून पाणी वरच राहतं.

असं जंगल दीडशे किलोमीटरहून लांब पसरलं आहे. क्षेत्र साधारण ४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून थोडं मोठं. पुढे लोक त्याला 'ग्रेट ब्लॅक स्वॉम्प' म्हणतील. इथं माणसं नाहीत असं समजू नका. मॉमी आणि ऑग्लेझ नद्यांच्या काठावर, जिथं जमीन निथळते तिथं, मूळ रहिवाशांच्या वस्त्या आणि मक्याची शेतं होत राहतील. मायामी, ओडावा, शॉनी आणि वायंडॉट या लोकांची नावं या प्रदेशाशी जोडली जातील. दलदलीत शिकारीला जायचं ते हिवाळ्यात, पाणी गोठून पायवाट झाली की. त्यांनी या मातीशी भांडण मांडलं नाही. ती कधी वाट देते आणि कधी देत नाही, हे ओळखून ते राहिले.

२० ऑगस्ट १७९४ आणि जून १८१२

मॉमीच्या काठी वादळानं पाडलेल्या झाडांच्या गराड्यात गोळीबार चालू आहे. अमेरिकी सेनापती अँथनी वेन आणि मूळ रहिवाशांच्या संघाची फौज यांच्यातली ही 'फॉलन टिंबर्स'ची लढाई. ती लवकर संपते. पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहात ओहायोचा मोठा भाग मूळ रहिवाशांच्या हातून जातो. ओहायोचा वायव्य कोपरा, म्हणजे ही दलदल, तूर्त त्यांच्याकडे राहतो. १८१७ च्या तहात तोही जातो. १८३० च्या दशकात ओडावांना आणि १८४३ मध्ये वायंडॉटांना मिसिसिपीपलीकडे पाठवलं जातं. या जमिनीच्या इतिहासातला हा अन्याय पुढच्या सगळ्या सुबत्तेच्या मुळाशी आहे, तो विसरून पुढे जाता येत नाही.

मधला १८१२ चा जून. सेनापती विल्यम हल यांची सुमारे २,००० जणांची फौज डेट्रॉइटला निघाली आहे. पाऊस थांबत नाही. पुढचे लोक झाडं तोडून वाट काढतात, मागचे त्या वाटेचा चिखल करतात. गाड्यांची चाकं आसापर्यंत रुतली आहेत. तुम्ही पाय उचलता तेव्हा बूट मातीतच राहतो. चिकणमाती ओली असताना तिच्यावर वजन पडलं की कणांमधली उरलीसुरली हवा निघून जाते आणि ती लोण्यागत घसरते. पुढच्या गाडीला मग आधीपेक्षा वाईट वाट मिळते. ब्रिटनशी झालेल्या या युद्धात ब्लॅक स्वॉम्पनं कुणाची बाजू घेतली नाही, पण रसद आणि तोफा ओढणाऱ्या प्रत्येकाला तिनं थकवलं.

मार्च १८३५

आजच्या फ्रीमाँटहून पेरिसबर्गला जाणारा रस्ता ३१ मैलांचा. सरकारनं १८२० च्या दशकात तो दलदलीतून काढला. दोन्ही बाजूंना चर खणले, माती मध्ये टाकली आणि तिलाच रस्ता म्हटलं. चरांतलं पाणी मात्र कुठं जात नाही.

तुम्ही बैलगाडीत बसला आहात. पश्चिमेला जमीन घ्यायला निघालेलं कुटुंब, गाडीत बिछाने, पेट्या, बियाणं. सकाळी निघालात, दुपार झाली आणि मागे वळून पाहिलं तर सकाळची टॅव्हर्न, म्हणजे वाटेवरची खाणावळ, अजून दिसते. या रस्त्यावर मैलाला एक, अशा ३१ टॅव्हर्न होत्या असं इथले लोक सांगत आले आहेत. चिखलाच्या खड्ड्यांवरही मालकी होती. जो ज्या खड्ड्याजवळ राहतो तो आपली बैलजोडी घेऊन तयार उभा असतो आणि रुतलेली गाडी ओढून काढण्याचे पैसे घेतो. खड्डा बुजवण्यात त्याचा काहीच फायदा नसतो.

टॅव्हर्नच्या चुलीजवळ एक माणूस भर दुपारी दोन घोंगड्यांत कुडकुडतोय. तासाभरानं तो तापानं फणफणेल, मग दरदरून घाम येईल आणि उद्या तो बरा दिसेल. परवा पुन्हा हेच. हा एक दिवसाआड येणारा हिवताप. दलदलीच्या पाण्यात ॲनॉफिलिस डास वाढतात आणि तेच हिवतापाचा परजीवी पसरवतात, हे कळायला अजून सहा दशकं आहेत. लोक दोष देतात तो दलदलीवरच्या हवेला. औषध एकच, क्विनाइन. इथं घर बांधणारं प्रत्येक कुटुंब वर्षातले कित्येक आठवडे अंथरुणात काढतं. पुढच्या पिढीनं ही दलदल इतक्या ईर्ष्येनं का संपवली, हे समजून घ्यायचं असेल तर या माणसाचा चेहरा विसरू नका. त्यांना ती मारत होती.

१८५९ ते १८९५

आता कुऱ्हाडींचे आवाज थांबतच नाहीत. कालवे आणि मग रेल्वे आल्यावर लाकडाला गिऱ्हाईक मिळालं. एल्मचं लाकूड पिंपांच्या कड्यांसाठी, ओकचं पिंपांच्या फळ्यांसाठी आणि जहाजांसाठी जातंय, आणि उरलेलं जाळलं जातंय. पण झाडं गेली तरी पाणी जात नाही. उलट ते शोषून वर सोडणारी झाडंच नाहीत म्हणून चिखल वाढतो.

१८५९ मध्ये ओहायोनं कायदा केला: कौंटीला सार्वजनिक चर खणता येतील आणि ज्यांच्या जमिनीला फायदा होईल त्यांच्याकडून खर्च वसूल करता येईल. हा कायदा नसता तर हे काम झालंच नसतं. सपाट जमिनीवर एकट्याच्या शेतातून पाणी काढून उपयोग नाही, ते शेजाऱ्याच्या शेतात उभं राहतं. चर नदीपर्यंत न्यायचा तर सगळ्यांना एकत्र यावंच लागतं.

१८८७ च्या वसंतात पॉल्डिंग कौंटीत जा. तिथं कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला एक मोठा जलाशय आहे. कालव्याचा वापर संपत आला आहे, पण जलाशय मात्र शेजारची जमीन ओली ठेवतो आणि डास वाढवतो. लोकांनी अर्ज केले, दाद लागली नाही. एप्रिलच्या एका रात्री जमावानं बांध डायनामाइटनं उडवला. राज्यपालांनी सैन्य पाठवलं, पण पुढे जलाशय बंदच झाला. साचलेल्या पाण्याबद्दलचा राग किती टोकाला गेला होता, ते एवढ्यावरून कळतं.

आता एका वीटभट्टीवजा कारखान्यात या. इथं खड्ड्यातून जी चिकणमाती खणून काढताहेत ती तीच, लेक मॉमीच्या तळाची. ती मळतात, साच्यातून दाबून तिचे फूटभर लांबीचे पोकळ नळ काढतात, सावलीत वाळवतात आणि भट्टीत भाजतात. एक नळ हातात घ्या. बोटानं वाजवा, खणखणीत वाजतो. शेतात साधारण मीटरभर खोल चर खणून हे नळ एकापुढे एक ठेवतात, त्यांना जोडत नाहीत. दोन नळांच्या मधल्या फटीतून पाणी आत झिरपतं आणि नळांच्या किंचित उतारावरून मोठ्या चराकडे जातं. वरून माती लोटली की शेतात काहीच दिसत नाही.

चिकणमातीतून पाणी इतक्या सहज कसं निघतं? निघत नाही, पहिल्या वर्षी तर नाहीच. पण नळ थोडंथोडं पाणी काढत राहतात, तशी माती दर उन्हाळ्यात आधीपेक्षा थोडी जास्त वाळते. ती आकसते, बारीक चिरा पडतात, त्या चिरांतून पिकांची मुळं खाली उतरतात, मुळं कुजली की त्यांच्या पोकळ्या राहतात. काही वर्षांत तीच माती पाणी खाली सोडू लागते. या चिरा आणि पोकळ्या लक्षात ठेवा. त्यांच्यामुळे शेती झाली, आणि पुढचं संकटही त्यांच्याच वाटेनं आलं.

हातानं चर खणणं म्हणजे जीव काढणारं काम. बोलिंग ग्रीनच्या जेम्स हिल यांनी त्यावर यंत्र काढलं आणि १८९४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. वाफेवर चालणारा हा 'बकाय ट्रॅक्शन डिचर'. दात्यांचं भलंमोठं चाक फिरत पुढे सरकतं आणि मागे ठरलेल्या उताराचा, सरळ कडांचा चर सोडत जातं. हे यंत्र इथून देशभर गेलं. असं एक जुनं यंत्र फिंडलेच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. आपल्याकडे सांगली-कोल्हापूर भागातल्या क्षारपड आणि चिबड रानात आज सच्छिद्र पाईप पुरून जो निचरा करतात, त्याचं तत्त्व हेच. भाजक्या मातीच्या नळांची जागा फक्त प्लास्टिकनं घेतली.

१९०० साल उजाडेपर्यंत ब्लॅक स्वॉम्प जवळपास संपला. काही हजार वर्षांचं जंगल साधारण पन्नास वर्षांत गेलं. हिवताप गेला. मका, गहू, पुढे सोयाबीन, ओहायोतली सर्वांत सुपीक जमीन म्हणून हा भाग नावाजला गेला. ज्यांनी हे केलं त्यांच्या कष्टांना कमी लेखायचं कारण नाही. पण या हिशेबात एक रक्कम लिहायची राहून गेली.

२ ऑगस्ट २०१४

पहाट. तुम्ही टोलेडोत आहात, मॉमी नदी जिथं लेक ईरीला मिळते तिथं. फोनवर सूचना आली आहे: नळाचं पाणी पिऊ नका. उकळूही नका, उकळल्यानं विष कमी न होता दाट होतं. दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या सकाळीच संपल्या आहेत. लोक गाड्या काढून शेजारच्या गावांकडे निघाले आहेत. चार लाखांहून जास्त माणसं या पाणीपुरवठ्यावर अवलंबून आहेत आणि पुढचे तीन दिवस त्यांना नळ उघडून पाणी पिता येणार नाही.

किनाऱ्यावर जा. पाणी हिरव्या रंगाचा डबा ओतून ढवळल्यागत दाट झालं आहे. हात बुडवलात तर बोटांवर हिरवी साय चढते. हे 'मायक्रोसिस्टिस' नावाचं निळंहिरवं शेवाळ, खरं तर जिवाणू. त्यातून मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष सुटतं. लेक ईरीचा पश्चिम भाग उथळ आहे, सरासरी खोली सात-आठ मीटर. उन्हाळ्यात तो लवकर तापतो. शेवाळाला आणखी एक मुख्य गोष्ट हवी असते, स्फुरद. तो मॉमी नदी आणून देते.

आता उलट्या दिशेनं, नदीच्या वरच्या अंगाला, शेतांकडे चला. वसंतातला पाऊस पडतोय. शेतात रासायनिक खताचा आणि जनावरांच्या मलमूत्राचा स्फुरद आहे. एके काळी हा पाऊस जंगलातल्या हजारो खड्ड्यांत थांबला असता, आठवडेच्या आठवडे. गाळ तळाशी बसला असता, झाडांनी आणि पाणवनस्पतींनी स्फुरद उचलला असता, मातीच्या कणांनी तो धरून ठेवला असता. आज तेच पाणी मातीतल्या चिरांतून आणि मुळांच्या पोकळ्यांतून सरळ पुरलेल्या नळांत उतरतं. विरघळलेल्या स्फुरदाची मातीच्या कणांशी गाठसुद्धा पडत नाही. नळातून चर, चरातून ओढा, ओढ्यातून मॉमी, आणि काही दिवसांत लेक ईरी.

हाच तो राहून गेलेला आकडा. चिकणमाती पाणी थांबवत होती म्हणून आपण तिला नापीक आणि रोगट म्हटलं. पण पाणी थांबवताना ती ते गाळतही होती. निचऱ्यानं पहिलं काम बंद केलं तेव्हा दुसरंही बंद झालं, आणि दुसरं काम कुणावरही सोपवलं गेलं नाही. २०१५ मध्ये ओहायो, मिशिगन आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत यांनी लेक ईरीच्या पश्चिम भागात जाणारा स्फुरद २०२५ पर्यंत ४० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. शेतकऱ्यांनी आपल्या मनानं खत जपून वापरण्यावर मुख्य भर राहिला. लक्ष्य गाठता आलं नाही.

आज

फुल्टन कौंटीतल्या गॉल वूड्समध्ये या. ३२१ एकरांचं हे राखीव जंगल. फ्रान्सहून आलेल्या गॉल कुटुंबानं १८३० च्या दशकात ही जमीन घेतली आणि पुढच्या पिढ्यांनी तिचा एक तुकडा तोडला नाही. १९६० च्या दशकात ती राज्याकडे आली. इथले काही बर ओक चारशे वर्षांहून जुने आहेत. दोघांनी हात पसरले तरी बुंधा कवेत मावत नाही.

पण हे १७०० सालचं जंगल नव्हे. एल्मची मोठी झाडं गेली: डच एल्म रोग अमेरिकेत पहिल्यांदा १९३० मध्ये ओहायोतच आढळला. ॲशही गेले. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या एमराल्ड ॲश बोरर या आशियाई भुंग्याच्या अळ्यांनी सालीखाली पोखरून ते वाळवले. या दलदलीच्या जंगलाची ओळखच ज्या दोन झाडांवरून होती, ती दोन्ही आता इथं मोठी होऊ शकत नाहीत. त्यांची जागा मेपल आणि ओक घेत आहेत.

माती मात्र बदललेली नाही. पावसानंतर पायवाटेवरून चाला, बुटाला तोच जड गोळा चिकटतो. खड्ड्यांत पाणी उभं आहे आणि त्या पाण्यात बेडकांची अंडी आहेत. कुंपणापलीकडे, शंभर पावलांवर, त्याच मातीवर सोयाबीनची कोरडी शेतं. फरक फक्त खाली पुरलेल्या नळांचा आहे. म्हणून आशेला जागा आहे. नळ बंद करा, चर अडवा, आणि ही चिकणमाती पहिल्याच पावसात पाणी धरायला लागते. तिला नव्यानं काही शिकवावं लागत नाही.

दलदलींचे अभ्यासक विल्यम मिट्श यांनी २०१७ मध्ये याच गोष्टीचा हिशेब मांडला. जुन्या ब्लॅक स्वॉम्पचा दहावा हिस्सा, साधारण ४०० चौरस किलोमीटर, पुन्हा पाणथळ केला तर मॉमीतून जाणारा स्फुरद सुमारे ४० टक्क्यांनी कमी होऊ शकेल. ओहायोनं २०१९ पासून 'एचटूओहायो' या कार्यक्रमात शेतकऱ्यांना खत व्यवस्थापनासाठी पैसे देणं आणि पाणथळ जागा पुन्हा तयार करणं सुरू केलं आहे. दिशा बरोबर आहे, प्रमाण अजून फार अपुरं आहे.

नऊ हिस्से शेतीकडे राहू देत. तिथल्या शेतकऱ्यांच्या पणजोबांनी ती जमीन हिवताप सोसून मिळवली आहे आणि तिच्यावर पिकणारं धान्य खोटं नाही. पण उरलेला एक हिस्सा, ओढ्यांच्या तोंडाशी, चरांच्या शेवटी, जिथं आजही दर वसंतात पीक बुडतं तिथला, पाण्याला परत द्यायला हवा आणि त्याची किंमत त्या शेतकऱ्यांना सरकारनं चुकती करायला हवी. टोलेडोच्या नळाला येणारं पाणी त्या दहाव्या हिश्श्यावर अवलंबून आहे. आपल्याकडेही पुढच्या वेळी कुणी एखाद्या पाणथळ जमिनीला 'पडीक' म्हणून भराव घालायला निघेल, तेव्हा आधी विचारा: इथं थांबणारं पाणी उद्या कुठं जाईल, आणि सोबत काय घेऊन जाईल? उत्तर मिळेपर्यंत भरावाची गाडी आत येऊ देऊ नका.